होडीचा कान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



समुद्राच्या बाबतीत आपली मराठी मोठी मोकळ्या मनाची भाषा आहे. दर्या हा शब्द फारसीतून आला. बंदर आणि लंगर हेही फारसीतूनच. होडीचा मालक तो नाखवा. मूळ शब्द नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. खलाशी अरबीकडून आला. कच्छ-काठेवाडच्या गलबतांवर वाट दाखवणाऱ्या जाणत्याला मालम म्हणत, तो अरबीतला मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. हे शब्द कुणी समिती नेमून आणले नाहीत. ते गलबतांतून आले, किनाऱ्यावर उतरले आणि इथलेच होऊन राहिले. अलीकडे त्याच वाटेने आणखी दोन शब्द कोकणच्या किनाऱ्याला लागले आहेत. एक फिशफाइंडर आणि दुसरा जीपीएस. लहान होडीवाल्याने हे यंत्र घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं निवडावं, याविषयी आज मी बोलणार आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं आपल्या मनात येईल. संबंध घरचा आहे. माझी बहीण दाभोळ खाडीच्या काठावर दिली आहे. तिच्या मुलाची एक सिलिंडरची फायबरची होडी आहे. तो आणि त्याचा एक सोबती अशी दोघंच जण पहाटे निघतात, कधी जाळं टाकतात, कधी गरी, आणि दुपारपर्यंत परत येतात. बहिणीने भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. त्यातून हे यंत्र घ्यायचं ठरलं. भाचा तीन माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे आला. तिन्ही इंग्रजीत. मला म्हणाला, "मामू, तुमी शिकलेले. यातलं कुठलं घ्यावं, सांगा."

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पाण्यातल्या आवाजाविषयी परीक्षेत काही विचारलेलं आठवत नाही. पण भिशीचा पैसा म्हणजे गंमत नव्हे. बहिणीने तो महिन्या-महिन्याने साठवला होता. तेव्हा पुढचे तीन महिने मी माहितीपत्रकं वाचली, जेटीवर बसून जाणत्यांना विचारलं, आणि ज्यांच्याकडे अशी यंत्रं होती त्यांच्या होड्यांवर जाऊन पाहिलं. त्यातून जे कळलं ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. होडीच्या बुडाशी, पाण्यात, मुठीएवढा एक भाग बसवतात. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. आपण त्याला होडीचा कान म्हणू. मात्र हा कान ओरडतोही. तो खाली आवाजाची एक टिचकी सोडतो आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले, म्हणजे एका सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढा वेळ मोजून यंत्र खोली सांगतं. वाटेत मासा असला तर त्याच्यावरूनही आवाज उलटतो आणि पडद्यावर ठिपका किंवा कमान उमटते.

पूर्वी हेच काम दोरीला शिशाचा गोळा बांधून होत असे. गोळ्याच्या खालच्या खोबणीत चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. दोरी वावांत मोजायची. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण सहा फूट. आमचे मेहुणे अजूनही खोली वावांतच सांगतात. भाचा मीटरमध्ये सांगतो. बापलेकांची भांडणं निम्मी त्यावरूनच होतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बहुतेक निराशा इथूनच सुरू होते. यंत्राचं नाव फिशफाइंडर, म्हणजे मासे शोधणारं. पण ते मासे कुठे आहेत हे सांगत नाही. आपल्या होडीखाली आत्ता काय आहे, एवढंच सांगतं. आवाज खाली जाताना विजेरीच्या झोतासारखा पसरत जातो. झोत २० अंशांचा असेल आणि पाणी २० मीटर खोल असेल, तर तळाशी जेमतेम सात मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. एवढ्या मोठ्या दर्यात सात मीटर! पाणी दहा मीटरच असेल तर साडेतीन. बाजूला पन्नास हातांवरून सुरमईचा थवा निघून गेला तरी पडद्याला त्याचा पत्ता नसतो.

पडदा वाचायचीही एक रीत आहे. उजव्या कडेला जे उमटतं ते आत्ताचं. डावीकडे सरकलेलं सगळं होऊन गेलेलं. पडद्यावरची रुंदी हे अंतर नसून वेळ असतो. होडी एका जागी उभी असली आणि खाली एकच मासा थांबून राहिला, तर पडद्यावर लांबच लांब रेघ उमटते. नवशिक्याला वाटतं, केवढा मोठा मासा! कमान लांब दिसली म्हणजे मासा लांब असं मुळीच नाही. तो झोतात किती वेळ राहिला, एवढाच तिचा अर्थ. काही यंत्रांत कमानीऐवजी माशाची सुबक चित्रं दाखवायची सोय असते. तो यंत्राचा अंदाज असतो. वाहत आलेला पाला, जेलीफिश, हवेचे बुडबुडे, कशालाही ते मासा म्हणू शकतं. जाणते लोक ती सोय बंद ठेवतात आणि मूळ खुणाच वाचतात. तळ मात्र यंत्र चांगला ओळखतं. रेघ जाड आणि ठळक असेल, खाली तिचीच दुसरी सावली दिसत असेल, तर तळ कठीण, म्हणजे खडप. रेघ बारीक आणि फिकी असेल तर चिखल. गरी टाकणाऱ्याला ही माहिती माशाच्या ठिपक्यापेक्षा मोलाची, कारण तांबोशी आणि हेकरू खडपाच्या आश्रयानेच राहतात. जाळं टाकणाऱ्यालाही ती हवीच, कारण खडपाला अडकलेलं जाळं फाटूनच वर येतं.

मेहुण्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "यात बांगडा दिसतो की मुशी, ते कळतं का?" कळत नाही. यंत्राला माशाचं मांस फारसं दिसतच नाही, कारण ते पाण्यासारखंच असतं. आवाज जोरात उलटतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. मुशीला अशी पिशवी नसते, म्हणून मोठी मुशीदेखील पडद्यावर फिकी उमटते. घोळ माशाच्या याच पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात आणि तिला परदेशात सोन्याचा भाव मिळतो. २०२१ साली पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या होडीला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि लिलावात सव्वा कोटीहून अधिक रुपये आले, ही बातमी आपल्या वाचनात आली असेल. व्यापारी आणि यंत्र, दोघांची नजर त्या एकाच पिशवीवर. गमतीची गोष्ट म्हणजे घोळ आणि ढोमा हे मासे त्याच पिशवीच्या आधाराने आवाजही काढतात. तेव्हा पाण्यात कान देऊन मासा ऐकणं ही कल्पना काही नवी नाही.

आता निवडीकडे येऊ. माहितीपत्रकात पंचवीस गुण लिहिलेले असतात. लहान होडीवाल्याने त्यांतले चार-पाचच पाहावेत.

पहिला प्रश्न, आपण किती खोल पाण्यात जातो? आवाजाचा सूर किलोहर्ट्झमध्ये सांगतात. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं; ही यंत्रं त्याच्या वरच्या सुरात बोलतात. ५० किलोहर्ट्झचा सूर खोल जातो आणि त्याचा झोत रुंद असतो, पण तो बारकावा दाखवत नाही. २०० किलोहर्ट्झचा सूर फार खोल जात नाही, झोत अरुंद असतो, पण चित्र स्वच्छ येतं. दहा ते वीस वाव पाण्यात, म्हणजे छत्तीस-सदतीस मीटरपर्यंत फिरणाऱ्या होडीला २०० किलोहर्ट्झ पुरेसा. शेकडो मीटर खोलीची ताकद तिच्या काय कामाची? काही यंत्रं एका सुराऐवजी खालपासून वरपर्यंत चढत जाणारी तान घेतात. त्याला चर्प म्हणतात. त्याने जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात, तळाला चिकटून असलेला मासाही सुटा कळतो. परवडत असेल तर तेवढं जरूर घ्यावं. बाजूचं दाखवणारी, हलतं चित्र दाखवणारी महागडी सोय लाटांवर डुलणाऱ्या लहान होडीला फारशी उपयोगाची नाही.

दुसरा प्रश्न, उन्हात दिसतं का? दुकानाच्या सावलीत प्रत्येक पडदा सुंदरच दिसतो. भाच्याला मी सांगितलं, यंत्र चालू करून दाराबाहेर आणायला सांग, दुपारी बारा वाजता. काळा चष्मा लावत असशील तर तोही लावून बघ, कारण काही चष्म्यांतून काही पडदे एका कोनात पार काळे दिसतात. आमच्या होड्यांना छप्पर नाही. पाच इंचांपेक्षा लहान पडदा डुलत्या होडीत वाचता येत नाही, आणि फार मोठा ठेवायला जागा नसते.

तिसरा प्रश्न विजेचा. यंत्राला १२ व्होल्टची बॅटरी लागते. ते किती अँपिअर खातं, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. पाऊण अँपिअर खाणारं यंत्र सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हिशोबाने नऊ तास चालायला हवं. व्यवहारात सहा धरावेत. बॅटरी शक्यतो वेगळी ठेवावी, म्हणजे इंजिनाची खरखर पडद्यावर उमटत नाही. मध्ये फ्यूज हवाच.

चौथा प्रश्न, कान कुठे बसवायचा? हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. पंख्याच्या बुडबुड्यांजवळ बसवला तर त्याला त्याच्याच होडीचा गोंगाट ऐकू येतो. फायबरचा तळ एकसंध असेल तर कान आतून चिकटवूनही चालतो, थोडी ताकद जाते इतकंच. लाकडी होडीत तसं जमत नाही. आणि ज्यांची होडी रोज वाळूवर ओढावी लागते त्यांनी कान वर उचलता येईल अशी पट्टीच घ्यावी. नाहीतर पहिल्याच आठवड्यात वाळू त्याचा निकाल लावते.

पाचवी गोष्ट खाऱ्या पाण्याची. यंत्रावर आयपीएक्स-७ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही. पण ती चाचणी गोड्या पाण्यातली. आपला दर्या खारा आहे, आणि मिठाने गंज धरतो तो जोडांना. रोज गोड्या पाण्याचं फडकं फिरवावं, जोडांना ग्रीस लावावं. हे काम यंत्र स्वतः करत नाही.

आता यंत्राचा दुसरा अर्धा भाग, जीपीएस. माझं मत असं झालं आहे की लहान होडीवाल्याने पैसे द्यावेत ते मुख्यतः यासाठी. मासा दिसणं ही वरची मिळकत.

उपग्रहांवरून आपली जागा कळण्याची ही सोय अमेरिकेने उभारली. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली असायची, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली आणि तेव्हापासून साधं यंत्रही उघड्या समुद्रावर पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगतं. एखादं खडप शंभर मीटरांच्या अंदाजाने पुन्हा सापडणं नशिबाचं, दहा मीटरांनी सापडणं हिशोबाचं.

इथे मला एका जुन्या माणसाची आठवण येते. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद नावाचा एक अरब मालम होऊन गेला. हिंदी महासागराच्या वाटा त्याने लिहून ठेवल्या आणि त्यातलं बरंच पद्यात लिहिलं, म्हणजे खलाशांना पाठ करायला सोपं. त्या काळचे मालम कमाल नावाची लाकडी फळी वापरत. फळीतून गाठी मारलेली दोरी निघे. गाठ दातांत धरायची, फळी डोळ्यांसमोर ताणायची आणि ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते बघायचं. ते माप बोटांत सांगत. दाभोळ हे तर अरबी गलबतांचं नेहमीचं बंदर. आज माझा भाचा त्याच पाण्यात उभा राहून जे अक्षांश पडद्यावर वाचतो, ते पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी दातांत दोरी धरून बोटांत मोजत होता.

अक्षांश वाचण्यात एक धोका आहे आणि तो सगळ्यांना सांगण्यासारखा आहे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासे मिळण्याची शक्यता असलेल्या जागांची सूचना देते, मराठीतही देते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून ती काढतात. त्यात जागा अक्षांश-रेखांशात असते. आता समजा, यंत्रावर १७ अंश ३५.५० मिनिटं असं दिसतंय. हे ३५ मिनिटं आणि ५० सेकंद नव्हेत. साडेपस्तीस मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटं ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. तेव्हा चूक झाली सहाशे मीटरांहून जास्त! माणूस तिथे जाऊन जाळं टाकतो आणि सूचनेला नावं ठेवतो. आपल्याला जागा ज्या पद्धतीने सांगितली आहे, त्याच पद्धतीने यंत्र लावून घ्यावं. ही सोय प्रत्येक यंत्रात असते.

यंत्र घेताना आणखी एक विचारावं, त्यात नकाशा आहे का? काही स्वस्त यंत्रांत जीपीएस असतो, पण नकाशा नसतो. खुणा ठेवता येतात, आलेली वाट दिसते, किनारा मात्र दिसत नाही. माझ्या मते रोजच्या ओळखीच्या पाण्यात तेवढंही पुरतं. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. नकाशा जुनाच राहतो. आपण स्वतः सुखरूप बाहेर पडलो ती वाट यंत्रात उमटलेली असते, तीच परतीचा खरा नकाशा. पण भरतीला बाहेर पडून ओहोटीला त्याच वाटेने येताना सांभाळावं. उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरच्या आसपास खाली-वर होतं. सकाळी जिथून होडी तरंगत गेली तिथे दुपारी वाळू वर आलेली असू शकते. शिवाय यंत्र खोली मोजतं ती कानापासून. कानाच्या खाली होडीचं किती लाकूड किंवा पंख्याचं किती टोक आहे, ते आधी मोजून यंत्राला सांगून ठेवावं लागतं.

आता जिवाची गोष्ट. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. त्या दिवसाच्या आठवणी आमच्या किनाऱ्यावर अजून ताज्या आहेत. कितीतरी होड्या बाहेर होत्या. काही घरांतली माणसं परत आलीच नाहीत. तेव्हापासून बहिणीच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली आहे, की आपला मुलगा कुठे आहे हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. तिला वाटत होतं, जीपीएस घेतला की ते झालंच. मला तिला समजावून सांगावं लागलं. म्हटलं, "बाई, या यंत्राला आपण कुठे आहोत ते कळतं, पण ते दुसऱ्या कुणाला कळवत नाही. ते फक्त ऐकतं." कळवायला फोनची रेंज हवी, नाहीतर वायरलेस किंवा संकटाचा इशारा देणारं वेगळं यंत्र. सरकारने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून इस्रोच्या मदतीने मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली, ती यासाठीच. दोन्ही वस्तू निरनिराळ्या आहेत. एक घेतली म्हणून दुसरी टाळू नये. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा आणि पडद्यावरचे आकडे वाचून दाखवावेत. त्या वेळी "दाभोळच्या बाहेर, थोडं दक्षिणेला" असं सांगण्यात आणि अक्षांश-रेखांश सांगण्यात एका जिवाचा फरक पडू शकतो.

आकडे वाचायचे म्हणजे यंत्र कळलं पाहिजे. मी पाहिलेल्या एकाही यंत्रात मराठी नव्हती. भाचा दहावी झालेला, इंग्रजी अक्षरं ओळखतो. सोबती चौथीत शाळा सोडलेला. भाचा पाण्यात पडला तर यंत्र चालवणार तो! म्हणून मी एक कागद तयार केला. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत उपयोगी लेखन असेल. वेपॉइंटला लिहिलं खूण. ट्रॅकला माग. सेन्सिटिव्हिटी म्हणजे कान. कान फार वाढवला तर कचराही ऐकू येतो, कमी केला तर मासाही सुटतो. एम.ओ.बी. हे बटण दाबलं की त्या क्षणाची जागा पक्की होते आणि परत तिथे जायची दिशा यंत्र दाखवतं. त्यापुढे लाल शाईने लिहिलं: माणूस पाण्यात. प्रत्येक शब्दाशेजारी बटणाचं चित्र काढलं. कागदाला प्लास्टिक लावून तो होडीत बसवला. आता जेटीवरच्या आणखी चार होड्यांत त्याच्या प्रती आहेत, आणि "कान जरा कमी कर" असं पोरं एकमेकांना सहज म्हणतात. शब्द किनाऱ्याला लागतात ते असे.

आपण विचाराल, शेवटी घेतलं कोणतं? पाच इंची पडद्याचं, तान घेणारं, २०० किलोहर्ट्झच्या आसपासचं, नकाशा नसलेलं. दुकानदार त्याहून मोठं सुचवत होता. वाचलेल्या पैशांत बॅटरी, चार फ्यूज आणि जीव वाचवणारी दोन जाकिटं आली. जाकिटं यंत्राच्या आधी घ्यावीत असं मी म्हणेन.

मेहुणे मात्र अजून त्या पडद्याकडे तिरक्या नजरेने बघतात. त्यांना खडपं ठाऊक आहेत ती खुणांनी. किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत धरायची, दुसरीकडची आणखी दोन दुसऱ्या रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे लंगर टाकायचा. दीपस्तंभ, डोंगराची खिंड, मिनार, देवळाचं शिखर, माड. कोणत्या खडपाला कोणत्या खुणा, हे मी इथे सांगणार नाही. ती त्यांच्या घरची मिळकत आहे, वडिलांकडून त्यांना मिळालेली. भाच्याला वाटलं, यंत्र आलं, आता खुणा कशाला? मी त्याला म्हटलं, बॅटरी उतरली तर? आणि मुळात यंत्रात खूण ठेवायची ती कुठे, हे तुला कोण सांगणार? सात मीटरच्या झोताने आख्खा दर्या चाळायला तुझी हयात पुरणार नाही. बापाला होडीत बसव आणि विचार.

बसवलं. चार दिवस मेहुणे पुढे बसून "इथं" म्हणत गेले आणि भाचा बटण दाबत गेला. एका खडपावर वडिलांच्या खुणा आणि यंत्राचा तळ तंतोतंत जुळला तेव्हा मेहुण्यांनी पहिल्यांदा यंत्राची तारीफ केली. म्हणाले, "बरोबर सांगतो हा." मी भाच्याला एक वहीही दिली. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर त्याच जागेच्या खुणा, वडिलांच्या शब्दांत. यंत्र बिघडलं तर वही, वही भिजली तर यंत्र.

आता एक शेवटची काळजी बोलून दाखवतो. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. तरी तशा नौका दिसतात, अशी लहान होडीवाल्यांची तक्रार थांबलेली नाही. मोठ्यांच्या यंत्रांपुढे लहानाला टिकायचं तर त्याच्याही हाती काही हवं, हे मला मान्य आहे. पण खूण सापडणं सोपं झालं की तिथला मासा संपणंही सोपं होतं. हेकरूसारखा मासा सावकाश वाढतो. एकाच खडपावर रोज गेलं तर वर्ष-दोन वर्षांत पडद्यावर नुसता दगड दिसेल, आणि दगड दाखवायला भिशीचे पैसे घालवायची गरज नव्हती. मेहुण्यांची रीत अशी, की एका खडपावर चांगलं मिळालं की पुढचे कित्येक दिवस तिकडे फिरकायचं नाही. ही रीत यंत्रात नाही. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर मी एक रिकामा रकाना ठेवायला सांगितला आहे: या खडपावर मागच्या वेळी कधी गेलो होतो, ती तारीख. यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने एवढा एक रकाना आखावा, असं मला वाटतं.